शेपटीखालचा आकडा

बेळगावकरांना गोवा काही परका नाही. चोर्ला घाट उतरला की साखळी आणि तिथून पणजी. नाहीतर लोंढ्याहून रेल्वेनं दूधसागर बघत बघत वास्को. कुणाचं कुलदैवत मंगेशी, कुणाचं शांतादुर्गा, कुणाची आत्या म्हापशाला दिलेली. वर्षातून एकदोन फेऱ्या ठरलेल्याच. देवदर्शन करायचं, समुद्रात पाय बुडवायचे, काजू घ्यायचे आणि परतायचं. या नेहमीच्या वाटेपासून थोडं बाजूला, दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर भारतीय नौदलाचं विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झालं. आपल्याकडची मंडळी तिथं फारशी थांबत नाहीत. गेल्या हिवाळ्यात आम्ही थांबलो, ते खानापूरच्या मामांमुळं.

मामा नौदलातून निवृत्त झालेले. विमानवाहू नौकेवर मेकॅनिक म्हणून त्यांनी बरीच वर्षं काढली. पण घरात त्यांच्या तोंडून नोकरीच्या गोष्टी कधी फारशा ऐकल्या नव्हत्या. गाडीत आमच्या सौ., बारावीतली मुलगी आणि मेहुणीचा सहावीतला, कन्नड शाळेत शिकणारा मुलगा. आवारात शिरलो आणि समोर चार पंखे व तीन उभ्या शेपट्या असलेलं प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन दिसलं. एके काळी एअर इंडियाच्या प्रवाशांना घेऊन फिरलेल्या जातीचं हे विमान पुढं नौदलात समुद्रावर टेहळणी करत होतं. पोरं तिकडं धावली. मी सी हॉकच्या टोकदार नाकाचा फोटो घेत उभा होतो, तेवढ्यात मामांनी हाक मारली, "नाकाकडं काय बघायलाइस? मागं ये."

मागं शेपटीखाली एक लोखंडी आकडा होता. विहिरीत पडलेली कळशी काढायला आपण गळ टाकतो, त्याचा थोरला भाऊ म्हणावा असा. मामा म्हणाले, "विमान उडवायला इंजिन लागतंय. घरी यायला हा लागतोय."

माझ्या मते नौदलाच्या विमानविद्येचा सगळा इतिहास या एका वाक्यात येतो. आत दालनात विमानवाहू नौकेची प्रतिकृती आहे. ती बघून मेहुणीच्या मुलानं विचारलं, "इष्टेना?" एवढंच? त्याचा प्रश्न अगदी बरोबर होता. आपल्या सांबऱ्याची धावपट्टी दोन किलोमीटरहून लांब आहे. जुन्या 'विक्रांत'ची सबंध लांबी होती सुमारे २१३ मीटर. आणि ही धावपट्टी एका जागी राहत नाही. ती पुढं जाते, डुलते, खालीवर होते. तिच्यावरून उडणं अवघड खरंच, पण परत उतरणं त्याहून कितीतरी अवघड.

राईट बंधूंचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९०३चं. त्यानंतर सातच वर्षांनी, १४ नोव्हेंबर १९१० रोजी, अमेरिकेत व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ युजीन एली नावाच्या तरुणानं 'बर्मिंगहॅम' या युद्धनौकेवरून विमान उडवलं. नौकेवर लाकडी फळ्यांचा सुमारे २५ मीटरांचा उतार बांधला होता. फळ्या संपल्या, विमान खाली झेपावलं, चाकं पाण्याला लागली, पंख्याची टोकं फुटली, चष्म्यावर खारं पाणी उडालं. तशाच स्थितीत एलीनं विमान सावरलं आणि जवळच्या वाळूवर उतरवलं. गंमत म्हणजे हा माणूस नौदलाचा नव्हता. जत्रेतल्या खेळांसारखे विमानाचे प्रयोग करून दाखवणारा तो वैमानिक होता आणि त्याला पोहता येत नव्हतं. बुडू नये म्हणून त्यानं सायकलच्या ट्यूब अंगाला गुंडाळल्या होत्या!

दोनच महिन्यांनी, १८ जानेवारी १९११ रोजी, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात तो 'पेनसिल्व्हेनिया' या नौकेवर उतरला. या वेळी फळ्यांवर आडवे २२ दोर ताणले होते. प्रत्येक दोराच्या दोन्ही टोकांना वाळूची पोती बांधलेली. विमानाच्या पोटाखाली आकडे होते, त्यांत दोर अडकायचे आणि पोत्यांच्या वजनानं विमान थांबायचं. ही युक्ती ह्यू रॉबिन्सन या सर्कशीत काम केलेल्या माणसाची. ती उत्तम चालली. एली नौकेवर जेवला आणि पुन्हा उडून किनाऱ्यावर परत गेला. हे दहातल्या नऊ वेळा जमेल, असं तो नंतर पत्रकारांना म्हणाल्याची नोंद आहे. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला जमिनीवरच्या एका प्रदर्शनी उड्डाणात विमान कोसळून तो गेला. पंचविसाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले होते. अमेरिकेनं त्याला मानपदक दिलं ते १९३३ साली.

एलीनं न सांगितलेली ती दहावी वेळ कशी असते, ते सहा वर्षांनी इंग्लंडच्या आरमाराला कळलं. पहिलं महायुद्ध चालू होतं. स्कॉटलंडच्या उत्तरेला स्कापा फ्लो या बंदरात 'फ्युरिअस' नौकेच्या पुढच्या भागात उड्डाणासाठी सपाट डेक केला होता, पण उतरण्याची सोय नव्हती. २५ वर्षांच्या एडविन डनिंगनं एक हिशेब मांडला. नौका वाऱ्याच्या दिशेनं पूर्ण वेगानं गेली, तर तिचा वेग आणि वाऱ्याचा वेग मिळून त्याच्या हलक्या सॉपविथ पप विमानाच्या वेगाइतका होतो. म्हणजे नौकेवरून पाहणाऱ्याला विमान जवळजवळ जागच्या जागी तरंगताना दिसेल. २ ऑगस्ट १९१७ रोजी तो तसाच नौकेच्या बाजूनं आला, डेकवर सरकला आणि खाली उभ्या असलेल्या अधिकाऱ्यांनी विमानाला लावलेले पट्टे हातांनी धरून त्याला खाली ओढलं. चालत्या नौकेवर विमान उतरवणारा जगातला पहिला माणूस म्हणून त्याचं नाव लागलं.

सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात ही नोंद इथं संपते. पुढचे पाच दिवस त्यात नसतात. ७ ऑगस्टला डनिंगनं पुन्हा प्रयत्न केले. त्यातल्या शेवटच्या खेपेला विमान डेकच्या कडेवरून समुद्रात गेलं. तो बेशुद्ध झाला आणि मदत पोहोचेपर्यंत बुडाला. एलीच्या वेळचे दोर आणि आकडे इथं नव्हते. होते फक्त माणसांचे हात. त्यानंतर मात्र नुसता पुढचा तुकडा पुरत नाही, नौकेची सबंध पाठच मोकळी हवी, हे पटलं. १९१८ साली तशी सलग सपाट डेकची 'आर्गस' तयार झाली.

गोव्यात बसून या काळाचा विचार करताना पोर्तुगीजांची आठवण टाळता येत नाही. दाबोळीचा विमानतळ त्यांच्याच राजवटीत बांधला गेला आणि त्यांच्या आरमारातही असे दोघे विक्रमवीर होते. मे १९१९ मध्ये अमेरिकन नौदलाच्या तीन उडत्या नौकांपैकी एनसी-४ ही एकच अझोर बेटांमार्गे लिस्बनला पोहोचली आणि अटलांटिक प्रथमच विमानानं ओलांडला गेला. वाट चुकू नये म्हणून अमेरिकेनं समुद्रात जागोजागी युद्धनौका उभ्या केल्या होत्या. १९२२ मध्ये गागो कुतिन्यो आणि साकादुरा काब्राल हे पोर्तुगीज अधिकारी दक्षिण अटलांटिक ओलांडायला निघाले, तेव्हा त्यांच्यासाठी नौकांची अशी रांग नव्हती. कुतिन्योनं जहाजावरच्या सेक्स्टंटमध्ये सुधारणा करून, विमानातून क्षितिज दिसत नसतानाही सूर्याची उंची मोजता येईल असं साधन केलं होतं. त्याच्या भरवशावर केप व्हर्दे बेटांवरून निघून भर महासागरातले सेंट पीटर व सेंट पॉलचे एवढेसे खडक त्यांनी अचूक गाठले. आणि तिथं उतरतानाच त्यांचं विमान मोडून बुडालं! दुसरं विमानही समुद्रात गेलं. तिसऱ्यानं ते १७ जूनला रिओ दि जानेरोला पोहोचले. निघाले होते ३० मार्चला. काब्राल १९२४ साली उत्तर समुद्रावर विमानासह नाहीसा झाला. कुतिन्यो १९५९ पर्यंत जगला.

संग्रहालयाच्या आवारात एक व्हॅम्पायर जातीचं जेट विमान उभं आहे. याच घराण्यातलं सी व्हॅम्पायर घेऊन ३ डिसेंबर १९४५ रोजी ब्रिटनचा एरिक ब्राऊन 'ओशन' या नौकेवर उतरला. नौकेवर उतरलेलं ते पहिलं जेट. ब्राऊननं आयुष्यात नौकांवर २४०७ वेळा विमान उतरवलं आणि ४८७ प्रकारची विमानं चालवली. २०१६ साली, वयाच्या सत्याण्णवाव्या वर्षी, तो गेला. मला त्याच्या विक्रमातलं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत वाटतं. २४०७ वेळा तो परत आला.

जेट आली तसा वेग वाढला आणि जुनी पद्धत अपुरी पडू लागली. डेक सरळ असे. आकडा दोराला लागला नाही, तर विमान पुढं उभ्या असलेल्या विमानांवर जाऊन आदळे. १९५०च्या दशकात ब्रिटिशांनी दोन साधे वाटणारे उपाय काढले. उतरायची पट्टी नौकेच्या अक्षाशी थोडी तिरकी केली, म्हणजे दोर हुकला तरी समोर मोकळा समुद्र राहतो आणि वैमानिक पुन्हा उडून फेरी मारू शकतो. दुसरा उपाय आरशाचा. आरशातल्या प्रकाशावरून आपण फार उंच आहोत की फार खाली, हे वैमानिकाला दुरूनच कळतं. आपली 'विक्रांत' ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टला नौदलात दाखल झाली, तेव्हा या दोन्ही सोयी तिच्यावर होत्या. १८ मे १९६१ रोजी तिच्यावर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट आर. एच. ताहिलियानी यांनी. पुढं ते नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६४ मध्ये नौदलाचा 'हंसा' हा तळ कोईमतूरजवळून दाबोळीला आला. सी हॉक आणि आलिझे विमानांचं घर गोवा झालं.

१९७१च्या युद्धात 'विक्रांत'च्या एका बॉयलरला तडे गेले होते, त्यामुळं तिला पूर्ण वेग घेता येत नव्हता. आता डनिंगचा हिशेब आठवा. नौकेचा वेग कमी म्हणजे विमानाला समोरून मिळणारा वारा कमी. तशा स्थितीत ४ डिसेंबरला तिच्यावरून सी हॉक उडाली आणि त्यांनी कॉक्स बाजारवर हल्ला चढवला.

मामा त्यानंतर काही वर्षांनी नौदलात गेले. आलिझेच्या शेपटीजवळ उभे राहून ते मुलीला समजावत होते. विमान आलं, आकडा तारेत अडकला की तार ताणली जाते. आकडा सोडवायचा, तार मागं घ्यायची, तिचा एखादा धागा तुटलाय का ते बघायचं. पुढचं विमान तोवर डोक्यावर घिरट्या घालतंय, त्याचं पेट्रोल मोजकं. वारा, इंजिनांचा आवाज, तेलानं निसरडा झालेला डेक. मुलीनं विचारलं, "आजोबा, भीती नाही वाटायची?" मामा म्हणाले, "भीती वाटायला येळ कुठं होता, बाळ? आम्ही मोजत बसायचो. सकाळी गेली किती, आली किती. दोन्ही आकडे जुळले की मग जेवायचो."

मी वर्गात विक्रमांच्या याद्या शिकवतो. पहिला कोण, कितव्या वर्षी, किती अंतर. मामांच्या हिशेबाला त्या यादीत रकाना नाही. आपल्या भागात घरटी नाही तरी गल्लीगणिक कुणीतरी सैन्यात असतो, मराठा रेजिमेंटमध्ये, सांबऱ्याला, कारवारच्या तळावर. त्यांच्या घरी मात्र मामांचाच हिशेब चालतो, हे नव्यानं सांगायला नको.

आकड्याची गोष्ट अजून संपलेली नाही. सी हॅरिअर हे विमान हवेत थांबून सरळ खाली उतरायचं, म्हणून त्याला आकडाच नव्हता. २०१६ साली ती विमानं निवृत्त झाली. मिग-२९केच्या शेपटीला आकडा पुन्हा आला. भारतात बनलेल्या तेजसच्या नौदल आवृत्तीला नौकेवर उतरवण्याआधीचा सराव याच दाबोळीच्या तळावर, जमिनीवर उभारलेल्या तशाच पट्टीवर झाला. ११ जानेवारी २०२० रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी ते 'विक्रमादित्य'वर उतरवलं. ताशी सुमारे २४४ किलोमीटर वेगानं आलेलं विमान अडीच सेकंदांत, ९० मीटरमध्ये थांबलं. एलीच्या वाळूच्या पोत्यांचं काम आता पोलादी तारा करतात, तत्त्व तेच. ज्या 'विक्रमादित्य'वर हे घडलं तिचा मुक्काम कारवारचा, आणि तिथल्या तळाचं नाव 'कदंब'. ज्या कदंबांची देवळं आपण खानापूर तालुक्यातल्या हलशीला बघतो, तेच.

पुढच्या गोवा फेरीत मंगेशीचं दर्शन झालं की बोगमाळोसाठी दोन तास राखून ठेवा. जाण्याआधी त्या दिवशी संग्रहालय उघडं आहे ना, एवढी चौकशी करा. मुलं विमानांच्या नाकांसमोर फोटो काढतील, काढू द्या. मग त्यांना हात धरून शेपटीकडं न्या आणि तो आकडा दाखवा. घरात कुणी नौदलातलं असेल, तर त्यांनाही सोबत घ्या. घरी न बोललेलं ते तिथं बोलतात, एवढा अनुभव मला आला.