मल्लेश्वरमपासून भैरमंगलापर्यंत

बंगळुरूला नदी नाही, असं तिथे राहणारेही सांगतात. शहर सुमारे 900 मीटर उंचीच्या एका कण्यावर वसलं आहे. त्याच्या पूर्व उताराचं पाणी दक्षिण पिनाकिनीला मिळतं, पश्चिमेचं अर्कावतीतून कावेरीला. या पश्चिम उतारावरची वृषभावती मात्र भर शहरातच जन्मते.

तिचा उगम बसवनगुडीच्या मोठ्या नंदीच्या पायाशी मानतात. दुसरा ओहोळ मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळापाशी सुरू होतो. मी तिथूनच निघालो, कारण तिथल्या दगडांत आपला इतिहास आहे. 1638 मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडांचं बंगळूर घेतलं आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी 1669 मध्ये या देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिलं. त्या दानाचा लेख कन्नडात आहे. भोसले इथे इथल्या माणसांच्या भाषेत बोलले, याचं मला फार अप्रूप वाटतं. देवळासमोरचं नंदीतीर्थ 1997 मध्ये मातीतून मोकळं झालं. तिथे नंदीच्या मुखातून पिंडीवर अखंड धार पडते, आणि ते पाणी स्वच्छ आहे.

पुढे 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, म्हणजे कावेरीचाच त्रिभुज प्रदेश. देवळाजवळच्या ओहोळाचा उतारही तिकडचाच.

म्हैसूर रोडवर मेट्रो नदीला समांतर धावते. खिडकीतून दिसतं ते काँक्रीटच्या भिंतींमधलं काळं पाणी. डब्यात कुणी तिकडे पाहतही नाही. हे पाणी मुख्यतः कावेरीचंच. 1974 पासून ते सुमारे शंभर किलोमीटरवरून, पंपांनी चढवत शहरात आणलं जातं. न्हाणीघरांतून, मोऱ्यांतून वापरून झालं की वृषभावतीत उतरतं. पीण्या, नायंडहळ्ळीकडच्या कारखान्यांचं सांडपाणी त्यात मिसळत आलं आहे. पावसाळी ओढ्याची अशी बारमाही नदी झाली.

केंगेरी मागे टाकून बिडदीजवळ भैरमंगला तलाव गाठला. शेतीसाठी बांधलेल्या या तलावाच्या सांडव्याखाली फेसाचे ढीग साचतात. खालच्या शेतांत भात मागे पडला आणि गुरांच्या चाऱ्याचं गवत वाढलं. तेच गवत खाणाऱ्या गुरांचं दूध माणसं पितात. तलावातून निघालेलं पाणी पुढे अर्कावतीत जातं आणि कनकपुऱ्याच्या दक्षिणेला, संगमावर, कावेरीला मिळतं.