रूळ

बडोद्यातील आमच्या घरी देवघराच्या कोनाड्याशेजारी एक शिसवी रूळ असे. नाना शाळेत शिक्षक होते. वहीत समासाची रेघ आखण्यासाठी तो आणलेला. आम्हां भावंडांच्या लेखी मात्र त्याचा उपयोग वेगळाच होता. नाना रागीट नव्हते. पाढा चुकला की ते शांतपणे हात पुढे करावयास सांगत, दोन रूळ मारीत, आणि रात्री आई वळांवर खोबरेल तेल लावू लागली की पाठमोरे बसून राहत. त्या पाठमोऱ्या बसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आपण आपल्या मुलांवर कधी हात उगारायचा नाही, एवढा निश्चय मात्र मी केला.

तो १९९४ सालच्या पावसाळ्यात मोडला. मी तपासून ठेवलेल्या उत्तरपत्रिकांवर धाकटीने शाईची दौत लवंडली, आणि काय होते आहे हे उमगण्याआधीच माझा हात तिच्या गालावर पडला होता. सात वर्षांची पोर. ती रडली नाही. माझ्या हाताकडे पाहत राहिली. दुसऱ्या दिवशी ओसरीवर ती बाहुलीला दरडावीत होती, “कितीदा सांगायचं तुला? डोळे कुठं असतात तुझे?” शब्द माझे होते, स्वरही माझाच.

त्याच दिवसांत गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ मी पुन्हा हाती घेतले. वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आलेल्या गिजुभाईंनी १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहवासात घडलेल्या ताराबाई मोडकांनी तो विचार पुढे बोर्डी-कोसबाडला रुजवला. हे सारे मला ठाऊक होते. या वेळी मन अडकले ते पुस्तकातल्या शिक्षकाच्या पहिल्या दिवसापाशी. त्याने योजलेला शांततेचा खेळ मुले उधळून लावतात. तो छडी शोधीत नाही. मुलांना सुटी देतो, आपले काय चुकले याचा घरी विचार करतो, आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगावयास बसतो. त्याच्या यशापेक्षा हे अपयश मला अधिक जवळचे वाटले. चूक मुलाची दिसत असतानाही आधी स्वतःकडे पाहता येते, हे त्याने दाखवले होते.

संध्याकाळी मी धाकटीला जवळ बसवले आणि म्हणालो, “मी तुला मारलं, ते चुकलं माझं.” ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, “आणि शाई?” मी म्हणालो, “तो डाग तुझा. तो आपण दोघं मिळून पुसू.” फरशी पुसताना मला जाणवले, की शिस्त कोठेही गेली नव्हती, गेला होता तो फक्त धाक.

नाना झोपाळ्यावर बसून ऐकत होते. तेव्हा त्यांचे वय ऐंशीच्या पुढे. थोड्या वेळाने ते म्हणाले, “आम्हाला हे असं बोलता येतं, हेच ठाऊक नव्हतं रे.” त्यांनी क्षमा मागितली नाही; मलाही ती नको होती. इतक्या वर्षांनी ते माझ्याकडे तोंड करून बसले होते.

पुढे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतील शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला मनाई केली. त्या कलमाची हद्द शाळेपुरती. घरातला हात ज्याचा त्यानेच आवरायचा असतो.

रूळ अजून आहे. धाकटीची मुलगी त्याने वहीत समास आखते.