अवेळीची हाक

‘ड्यूटी’ हा शब्द भारतातील बहुतेक भाषांनी इंग्रजीकडून घेतला, परंतु घेताना त्याचा अर्थ मुख्यतः अर्धाच घेतला. मूळ शब्दात कर्तव्य आणि कामाची पाळी असे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. मराठीत तो रुळला तो पाळीच्या अर्थाने. म्हणून ‘ड्यूटी लागली’, ‘ड्यूटी बदलून घेतली’, ‘ड्यूटी संपली’ ही वाक्ये सहज बोलली जातात; दुपारी दोन वाजले म्हणून कोणी ‘कर्तव्य संपले’ असे म्हणत नाही. या दोन अर्थांमधील फटीत वैद्यकीय व्यवसायातील माणसाला जितके वारंवार उभे राहावे लागते, तितके क्वचितच दुसऱ्या कोणाला लागत असेल. पांढरा कोट खुंटीला अडकवून डॉक्टर घरी निघतो, रात्रपाळी उरकून परिचारिका बसच्या रांगेत उभी राहते, आणि त्याच वेळी रस्त्यावर एखादा माणूस कोसळतो. आगगाडीत कोणाच्या छातीत कळ आली, की तिकीट तपासनीस डब्याडब्यांतून विचारीत जातो : कोणी डॉक्टर आहे का? ड्यूटीवर कोणी आहे का, असे तो विचारीत नाही. ज्याला कळते असा कोणी येथे आहे का, एवढेच त्याला विचारायचे असते.

हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकात स्पष्टपणे उमटण्याच्या कितीतरी आधी कथाकारांना जाणवला होता. प्रेमचंदांची ‘मंत्र’ ही कथा भारतीय भाषांच्या वाचकांना अपरिचित नाही. संध्याकाळची वेळ आहे. डॉक्टर चढ्ढा गोल्फ खेळायला निघाले आहेत, मोटार दाराशी उभी आहे. इतक्यात दोन कहार डोली घेऊन येतात. मागून काठी टेकीत एक म्हातारा येतो. सात मुलांपैकी उरलेला एकुलता मुलगा डोलीत आहे. ही आपली खेळण्याची वेळ आहे, उद्या सकाळी या, असे डॉक्टर सांगतात. म्हातारा पागोटे उतरवून उंबऱ्यावर ठेवतो, एकदा नुसते बघा म्हणून विनवतो. मोटार निघून जाते आणि त्याच रात्री मुलगा मरतो.

प्रेमचंदांनी चढ्ढांना दुष्ट रंगविलेले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. डॉक्टर नियमित जीवन जगणारे आहेत, आणि त्या नियमितपणाचे फळ म्हणून पन्नाशीतही त्यांची प्रकृती उत्तम आहे. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखेही पुष्कळ आहे. रोग्यांना अंत नसतो. ज्या वैद्याला विश्रांतीची वेळ नाही त्याचा हात आज ना उद्या चुकतो, आणि त्या चुकीची किंमत दुसराच कोणी रोगी देतो. दवाखान्याच्या दारावर वेळेची पाटी लावणे हा अपराध नव्हे. मग चढ्ढांचे चुकले कोठे? त्यांनी विश्रांतीची वेळ राखून ठेवली यात नव्हे. ती ओलांडण्यासारखे काही समोर आहे की नाही, हे त्यांनी पाहिलेच नाही, यात त्यांचे चुकले. ‘उद्या सकाळी या’ हे वाक्य वरवर व्यवस्थेचे वाटते. वस्तुतः तो रोगाविषयीचा निर्णय आहे. सकाळपर्यंत थांबता येईल की नाही, हे म्हाताऱ्याला ठरविता येत नव्हते, कहारांना येत नव्हते. त्या अंगणात ते एकाच माणसाला ठरविता येण्यासारखे होते, आणि त्याने डोलीत न डोकावताच ते ठरवून टाकले. वेळेबाहेरच्या वैद्याचे किमान कर्तव्य कोणते, या प्रश्नाचे उत्तर म्हाताऱ्याच्या विनवणीतच आहे : एक नजर. उपचार नंतरचे, औषध नंतरचे, आधी पाहणे.

कथेचा उत्तरार्ध सर्वांना आठवतो. काही वर्षांनी डॉक्टरांच्या तरुण मुलाला, कैलासला, साप चावतो. बातमी म्हाताऱ्या भगताच्या झोपडीपर्यंत पोहोचते. सर्पदंशाची वार्ता कानी पडावी आणि आपण धावून जाऊ नये, असे त्याच्या ऐंशी वर्षांच्या आयुष्यात कधी घडलेले नाही. थंडीची काळोखी रात्र, वैशाखातले ऊन, श्रावणातले चढलेले नाले यांची त्याने कधी पर्वा केलेली नाही. या एका वेळी मात्र तो हट्टाने बसून राहतो. सूडाचे समाधान त्याला हवे आहे, पण झोप येत नाही. मन नाही म्हणते आणि पाय चालू लागतात. पहाटेपर्यंत तो मुलाला उठवतो आणि कोणी काही देऊ करण्याआधी घरची वाट धरतो.

भगताला ड्यूटी नव्हतीच, त्यामुळे ती संपण्याचाही प्रश्न नव्हता. सापाचे विष उतरविणाऱ्याने बोलावणे नाकारू नये आणि मोबदला घेऊ नये, अशी समजूत आपल्याकडील खेड्यांतून दीर्घकाळ चालत आली. विद्या अंगी आहे, म्हणून ती मागणाऱ्याची आहे, असा या समजुतीचा गाभा आहे. तथापि आजच्या वाचकाने येथे एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. मंत्राने सापाचे विष उतरत नाही. त्यासाठी प्रतिविष लागते, आणि मांत्रिकाकडे गेलेला वेळ हा पुष्कळदा प्राण वाचविण्याचा वेळ असतो. म्हणजे प्रेमचंदांची कथा नकळत एक मोठी विषम वाटणी दाखवून जाते. चढ्ढांजवळ विद्या आहे, धावणे नाही. भगताजवळ धावणे आहे, विद्या नाही. एकाची विद्या शिकावी आणि दुसऱ्याचे धावणे मोडीत काढावे, असा सौदा आधुनिक समाजाने केला असेल, तर तो फायद्याचा झाला असे म्हणता येणार नाही.

परंतु प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहायची तर रशियन कथेकडे वळावे लागते. चेकॉव्ह स्वतः डॉक्टर होता. १८८७ साली त्याने लिहिलेल्या ‘शत्रू’ या कथेत सप्टेंबरच्या काळोख्या रात्री किरिलोव्ह या डॉक्टरच्या घरची घंटा वाजते. पाचच मिनिटांपूर्वी त्याचा सहा वर्षांचा एकुलता मुलगा घटसर्पाने गेला आहे. आई मृत मुलाच्या अंथरुणाशी गुडघे टेकून आहे. बापाच्या हातांवर कार्बोलिक ॲसिडचे डाग अजून तसेच आहेत. दारात आबोगिन नावाचा श्रीमंत गृहस्थ उभा आहे. आपली पत्नी मरणाच्या दारी आहे, चला, म्हणून तो आर्जवे करतो. तेव्हा किरिलोव्ह त्याला कायद्याचीच आठवण देतो : तेराव्या खंडाप्रमाणे मला येणे भाग आहे, हवे तर मानगूट धरून ओढून न्या. अखेर तो जातो. तेथे पोहोचल्यावर कळते, की पत्नीने आजाराचे सोंग केले होते. नवरा डॉक्टर आणायला जाताच ती प्रियकराबरोबर निघून गेली. दोन दुःखी माणसे समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकांना नाही नाही ते बोलतात. मुलाचे दुःख कधी तरी ओसरेल, पण त्या रात्री आबोगिनसारख्या माणसांविषयी मनात बसलेला तिरस्कार किरिलोव्हला जन्मभर पुरेल, असे सुचवून कथा संपते.

चढ्ढा गेला नाही, किरिलोव्ह गेला. पहिल्या कथेवरून ‘डॉक्टरने गेलेच पाहिजे’ असा निष्कर्ष काढून जो वाचक थांबला असेल, त्याला दुसरी कथा स्वस्थ बसू देत नाही. कायदा डॉक्टरच्या देहाला खाटेपाशी नेऊ शकतो. नेल्यानंतर त्याच्याशी कसे वागावे, हे मात्र कायद्याच्या तेराव्या खंडात लिहिलेले नव्हते. हाक मारणाऱ्यावरही काही बंधने असतात काय, हा चेकॉव्हचा प्रश्न आहे. साहित्यात तो जितका स्पष्ट आहे तितका सभासंमेलनांतील चर्चेत आढळत नाही.

कायद्यांची मते याबाबतीत एक नाहीत. फ्रान्स आणि जर्मनी यांच्या दंडसंहितांत, संकटात सापडलेल्या माणसाला शक्य असूनही मदत न करणे हा कोणाही नागरिकाचा गुन्हा ठरतो. इंग्लंडच्या रूढ कायद्याने असे सर्वसाधारण बंधन मानले नाही. तळ्यात बुडणाऱ्या परक्या माणसाकडे पाहत काठावर उभे राहणारा माणूस त्या कायद्यापुढे निर्दोष असतो. भारताची कायदेपद्धती इंग्रजी वळणाची, आणि तरीही येथे वैद्याच्या बाबतीत वेगळा विचार झाला. त्याला निमित्त एका मृत्यूचे होते. मोटारीची धडक बसलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले असता, पोलिसी प्रकरणे घेण्याचा आम्हांला अधिकार नाही असे सांगून त्याला सुमारे २० किलोमीटर दूरच्या रुग्णालयाकडे पाठविण्यात आले, आणि वाटेतच त्याचा अंत झाला. वृत्तपत्रातील या बातमीच्या आधारे परमानंद कटारा यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली निकाल दिला. डॉक्टर सरकारी असो वा खाजगी, प्राणरक्षणासाठी आपले कौशल्य वापरणे हे त्याचे बंधन आहे, आणि कोणतीही कार्यपद्धती त्याच्या आड येऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. त्याच निकालात डॉक्टरांना साक्षीसाठी विनाकारण बोलावू नये, ताटकळत ठेवू नये, अशीही अपेक्षा व्यक्त झाली. किरिलोव्हची बाजू न्यायमूर्तींनाही दिसली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे १९९४च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या १३४व्या कलमात अपघातग्रस्तावर तात्काळ उपचार करण्याचे कर्तव्य प्रत्येक नोंदणीकृत वैद्यावर किंवा रुग्णालयात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरवर टाकण्यात आले. भाषेच्या अभ्यासकाने या ‘किंवा’पाशी क्षणभर थांबावे. त्याच्या एका बाजूला पाळी आहे, दुसऱ्या बाजूला नुसती विद्येची नोंद. २००२च्या वैद्यकीय आचारसंहितेनेही, कोणाला तपासावे याचे स्वातंत्र्य डॉक्टरला देऊन, आणीबाणीची हाक मात्र त्यातून वगळली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अपघातात मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांना मान्यता दिली, आणि २०१९च्या दुरुस्तीने १३४अ हे कलम येऊन सद्भावनेने मदत करणाऱ्याला दिवाणी व फौजदारी दायित्वापासून संरक्षण मिळाले. बायबलातील दयाळू शोमरोनी माणसाचे इंग्रजी नाव अशा रीतीने भारतीय कायद्यात येऊन बसले. त्या दृष्टांतात याजक आणि लेवी जखमी माणसाला टाळून रस्त्याच्या दुसऱ्या कडेने गेले होते. शोमरोन्याला तसे जावेसे वाटू नये, यासाठी कायद्याने एवढे तरी केले.

कायदा झाला म्हणून संकोच जातो, असे नाही. हाक ऐकूनही जो डॉक्टर जागेवरून उठत नाही, तो नेहमीच निष्ठुर असतो असे नव्हे. कोणी त्वचारोगांचा तज्ज्ञ असतो. हृदय बंद पडलेल्या माणसाला हाताळून त्याला वीस वर्षे झालेली असतात. कोणी सलग छत्तीस तास जागून निघालेला असतो आणि आपल्या हातावर त्याचा स्वतःचाच विश्वास नसतो. जवळ ना औषध, ना उपकरण, आणि भोवती दहा माणसांची गर्दी. रोगी दगावला तर ही गर्दी काय करील, ही भीती काल्पनिक नाही. वैद्यकीय सेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राला २०१० साली स्वतंत्र कायदा करावा लागला. अशा वेळी अवेळीच्या कर्तव्याची मर्यादा नीट आखली, तर ते अधिक पाळले जाईल. श्वास चालू आहे का, नाडी लागते का, रक्त दाबून धरता येते का, छातीवर दाब द्यावा लागेल का, रोगी किती घाईने कोठे न्यावा – एवढेच बहुधा मागितलेले असते. ते त्वचारोगतज्ज्ञाला येते. परिचारिकेला तर पुष्कळदा अधिक सफाईने येते, जरी हाक तिच्या नावाने मारली जात नाही. ज्याचा हात थकला आहे त्याने तसे सांगावे. तेही पाहिल्यावरचे उत्तर असते, न पाहता दिलेले नसते.

हे बंधन येते कोठून? पगारातून येत नाही, कारण पगार पाळीचा असतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात गुरू शिष्याला जो उपदेश करतो, त्यात रात्रंदिवस सर्वभावाने रोग्याच्या आरोग्यासाठी झटण्याची आज्ञा आहे. परंपरेचा गौरव करताना हेही सांगितले पाहिजे, की त्याच उपदेशात राजाच्या द्वेष्ट्यांवर उपचार न करण्याची आज्ञाही आहे. करुणेला कुंपणे घालणे आधुनिक काळानेच सुरू केले असे नाही. तरीही त्या ‘रात्रंदिवस’मध्ये एक जाण आहे. विद्या ही अंगरख्यासारखी उतरवून ठेवता येत नाही. शिवाय ती एकट्याच्या कष्टाने मिळविलेली नसते. सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात ज्या गरीब रोग्यांनी शिकाऊ हातांना आपली नाडी, आपले पोट, आपली जखम चाचपू दिली, ज्यांच्या निष्प्राण देहांवर शरीररचना शिकली गेली, त्यांनी त्या विद्येत आपला वाटा घातलेला असतो. त्यांची नावे कोणत्याही पदवीपत्रावर नसतात. रस्त्यावर पडलेला अनोळखी माणूस त्यांचा वारस म्हणून हाक मारतो, असे मानले, तर ती हाक उपकाराची याचना राहत नाही; ते जुन्या ऋणाचे मागणे ठरते.

मात्र ऋणाचा हिशेब दोन्हीकडून लिहावा लागतो. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण मराठी माणसाने स्वतःविषयीच रचली आहे, आणि तिच्यात कबुलीचा प्रामाणिकपणा आहे. जो समाज वैद्याला अवेळी उठवितो, त्याने त्याला वेळेवर झोपू द्यावे, यशाची हमी मागू नये, आणि रोगी वाचला नाही तरी त्याला सुखरूप घरी जाऊ द्यावे. एवढे झाले नाही, तर प्रत्येक हाकेला किरिलोव्ह येतील, कायद्याच्या भयाने येतील, आणि परत जाताना मनात शत्रुत्व घेऊन जातील. भगत आला तो कोणत्याही कलमामुळे नव्हे. तो न येता तर त्याला झोप लागली नसती. अशी झोपमोड कायद्याने निर्माण करता येत नाही. वैद्यकाच्या शिक्षणात, घरात, आणि कदाचित थोडीफार कथांच्या वाचनातही ती रुजवावी लागते. आणि ज्याच्या ठायी ती आहे, त्याचा अंत पाहू नये, एवढे पथ्य उरलेल्यांनी सांभाळावे लागते.