आंबेनळी उतरताना कर्वे

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणाऱ्या एसटीत ‘समाजस्वास्थ्य’च्या जुन्या अंकाची झेरॉक्स वाचायला काढली, तर अडचणी दोन. एक आंबेनळीची वळणं, दुसरी मुखपृष्ठावरची विवस्त्र बाई. शेजारच्या काकांनी आधी चित्र पाहिलं, मग मला पाहिलं आणि खिडकीबाहेरच्या धुक्यात एकदम लक्ष घातलं.

रघुनाथ धोंडो कर्वे म्हणजे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. गणिताचे प्राध्यापक, पॅरिसला शिकून आलेले. संततिनियमनाच्या प्रचारापायी नोकरी गेली. जुलै 1927 मध्ये त्यांनी हे मासिक काढलं आणि 1953 साली मरेपर्यंत चालवलं. त्यांच्या पॅरिसमध्येच, फ्रेंच लेखक मार्की द साद मरून 140 वर्षं उलटल्यावर, 1956 साली त्याचं समग्र साहित्य छापणाऱ्या प्रकाशकावर खटला उभा राहिला. सादच्या पानोपानी क्रौर्य आहे. कर्व्यांकडे वाचकांच्या शंका आणि त्यांना कोरडी, मास्तरी उत्तरं. शिक्का मात्र दोघांवर एकच: अश्लील.

प्रतापगडाचा फाटा मागे पडला. अफझलखान सगळ्यांना पाठ आहे, तो राहू दे. पोलादपूरला सावित्री नदी भेटते आणि तिथून हमरस्त्याने महाड.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. मग सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळं ‘शुद्ध’ केलं! माणसाच्या ओंजळीने बाटलेलं पाणी शेणाने पवित्र होतं, हे तर्कशास्त्र पायऱ्यांवर उभं राहूनही डोक्यात शिरत नाही. पुढे दावा लागला. हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला 1937 चा मार्च उजाडला.

हा दावा चालू असतानाच, 1934 साली, बॅरिस्टर आंबेडकर मुंबईच्या कोर्टात ‘समाजस्वास्थ्य’वरच्या अश्लीलतेच्या खटल्यात कर्व्यांचे वकील म्हणून उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिलं एवढ्यावरून मजकूर अश्लील ठरत नाही, ही त्यांची बाजू. कोर्टाला पटली नाही. 200 रुपये दंड झाला. तळ्यामागे हजारो माणसं होती. कर्व्यांच्या मागे कोण होतं? या वकिलीतून एक अनुयायी वाढणार नव्हता, उलट नसता बोभाटा पदरी पडायचा. तळ्याच्या लढ्याइतकंच मला या हरलेल्या खटल्याचं अप्रूप वाटतं.

दंडानंतर कर्वे गप्प बसले नाहीत. मासिक आणखी एकोणीस वर्षं निघत राहिलं, आणि अनंत देशमुखांनी संपादित केलेलं त्यांचं समग्र साहित्य छापून निघालं तेव्हा प्रकाशकाला कोर्टाची पायरी चढावी लागली नाही.