एडिंबरा : पोलीस कादंबऱ्यांतून पाहिलेले नगर

स्कॉटलंडची राजधानी एडिंबरा हे एकच शहर असले, तरी त्याची वस्ती दोन प्रकारची आहे. खडकावरील किल्ल्यापासून होलीरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जुने नगर आहे. येथे उंच दगडी घरे परस्परांना खेटून उभी असून, त्यांच्यामधून ‘क्लोज’ नावाचे अरुंद, पायऱ्यापायऱ्यांचे बोळ खाली उतरतात. उत्तरेस, १७६७ साली जेम्स क्रेग या तरुण वास्तुकाराच्या आराखड्यानुसार आखलेले नवे नगर आहे. त्याचे रस्ते सरळ, चौक प्रशस्त आणि घरे एका ओळीत आहेत. या दोन्ही भागांना १९९५ साली जागतिक वारशाचा मान मिळाला.

धाकट्या कन्येच्या शिक्षणाच्या निमित्ताने मला येथे काही दिवस राहता आले. आपल्यापैकी अनेक घरांतील मुले आज ब्रिटनमध्ये शिकतात, आणि त्यांना भेटावयास गेलेले आईवडील किल्ला, राजवाडा व बाजारपेठ पाहून परततात. मी मात्र जाण्यापूर्वी इयन रँकिन या लेखकाच्या काही पोलीस कादंबऱ्या वाचल्या होत्या. ज्या शहरात मूल एकटे राहते, ते शहर रात्री कसे असते, हे माहितीपुस्तिका सांगत नाही.

‘खुनाच्या कथा घरात कशाला?’ हा प्रश्न आमच्याही घरात निघाला, आणि तो रास्तच आहे. हिंसेला करमणूक मानणारे पुष्कळ साहित्य बाजारात आहे. त्यामुळे या कादंबऱ्यांचे स्वरूप आधी सांगितले पाहिजे.

बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत वाढलेल्या पिढीला ‘झुंजार’सारखा धाडसी नायक परिचित आहे. ब्रिटिश पोलीस कादंबरीचा नायक तसा नसतो. तो पगारी नोकर असतो. त्याच्या डोक्यावर वरिष्ठ असतात, टेबलावर कागदांचा ढीग असतो. शेजाऱ्यांचे जबाब घेणे, दुकानांच्या पावत्या तपासणे, दूरध्वनीच्या नोंदी जुळवणे, असे त्याचे काम चालते. रँकिनचा जॉन रीबस हा असाच अधिकारी. फाइफ या कोळसाखाणींच्या परगण्यातून आलेला, पूर्वी सैन्यात असलेला, एकाकी आणि मद्याच्या आहारी गेलेला. त्याचे व्यसन लेखक झाकत नाही, त्याची त्याने मोजलेली किंमतही झाकत नाही. पहिली कादंबरी १९८७ साली आली. पुढे रीबस काळाबरोबर वयाने वाढत गेला आणि २००७ सालच्या कादंबरीत साठाव्या वर्षी निवृत्तही झाला.

स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडहून वेगळा आहे. खटला भरावयाचा की नाही, हे तेथे ‘प्रोक्युरेटर फिस्कल’ नावाचा सरकारी अधिकारी ठरवतो. संशयास्पद मृत्यूची चौकशीही त्याच्याच अखत्यारीत येते. त्याहून महत्त्वाचा नियम दुजोऱ्याचा. केवळ एका साक्षीदाराच्या शब्दावर कोणास दोषी ठरवता येत नाही. दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याचा आधार लागतो. रोजकीर्दीतील रक्कम खतावणीशी ताडून पाहिल्याशिवाय हिशेब पुरा न मानणाऱ्या आपल्या वाचकांना हा नियम परका वाटणार नाही. गुन्हेगार कोण, हे कळूनही दुसरा पुरावा हाती नसलेल्या अधिकाऱ्याची तगमग या नियमामुळेच समजते.

या कादंबऱ्यांतील बहुतेक ठिकाणे खरी आहेत. मार्चमाँट भागातील आर्डन स्ट्रीट येथे विद्यार्थी असताना रँकिन राहत असे, आणि रीबसचे घरही त्याने त्याच रस्त्यावर ठेवले. आर्थर्स सीट या २५१ मीटर उंचीच्या टेकडीवर १८३६ साली काही मुलांना सतरा चिमुकल्या शवपेट्या सापडल्या होत्या. त्या कोणी व का ठेवल्या, याचा उलगडा आजवर झालेला नाही. उरलेल्या आठ पेट्या चेंबर्स स्ट्रीटवरील राष्ट्रीय संग्रहालयात पाहावयास मिळतात, आणि २००१ सालच्या ‘द फॉल्स’ या कादंबरीत त्यांना महत्त्वाचे स्थान आहे.

व्यापारी कुटुंबांनी जाणून घ्यावी अशी एक जुनी हकीकतही येथे घडली. विल्यम ब्रोडी हा अठराव्या शतकातील प्रतिष्ठित सुतारकारागीर. तो आपल्या व्यवसायसंघाचा प्रमुख आणि नगरपालिकेचा सभासद होता. दिवसा तो श्रीमंतांची कपाटे व कुलपे बसवून देई आणि त्यांच्याच किल्ल्यांचे ठसे घेऊन रात्री घरे फोडी. १७८८ साली तो फासावर गेला. त्याच्या हातचे एक कपाट रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या बालपणीच्या खोलीत होते. तेच कपाट आता शहरातील लेखक-संग्रहालयात आहे. एकाच देहात सज्जन व दुर्जन नांदवणारी स्टीव्हन्सनची १८८६ सालची कथा जगप्रसिद्ध झाली. तिच्यामागे ब्रोडीची हकीकत होती, असे मानले जाते.

माझ्या मनात अधिक राहिला तो फ्लेशमार्केट क्लोज. हाय स्ट्रीटवरून वेव्हर्ली स्थानकाकडे उतरणारा हा बोळ आहे. पूर्वीच्या मांसबाजारावरून त्याला हे नाव पडले. याच नावाच्या २००४ सालच्या कादंबरीत शहराबाहेरील एका गरीब वसाहतीत आश्रयास आलेल्या कुर्द निर्वासिताचा खून होतो. वसाहत काल्पनिक आहे, परंतु परक्याविषयीचा द्वेष, निर्वासितांना डांबून ठेवणारी केंद्रे आणि बेकायदा राबवले जाणारे मजूर यांचे चित्र त्या काळच्या वास्तवातून आलेले आहे. मृताचे नाव काय, हेदेखील प्रारंभी कोणास सांगता येत नाही. त्याच वेळी खात्याच्या फेररचनेत रीबसचे जुने ठाणे बंद झाले आहे. नव्या ठाण्यात त्याला धड टेबलही दिलेले नाही. त्याने आपणहून निवृत्त व्हावे, हा वरिष्ठांचा इशारा स्पष्ट असतो. तरीही तो आणि त्याची सहकारी शिव्हॉन क्लार्क दारोदार विचारपूस करीत राहतात.

घरात निघालेल्या प्रश्नाला मला तेथे उत्तर सापडले. ज्याच्यासाठी रडणारे कोणी जवळ नाही, त्याच्याही मृत्यूचा जाब विचारला गेलाच पाहिजे, या आग्रहावर ही कादंबरी उभी आहे. जीव गेल्यावर मागे राहणाऱ्यांचे काय होते, हे ती सावकाश, तपशिलाने दाखवते. असे लेखन हिंसेची गोडी लावत नाही. एका जिवाचे मोल किती, याची जाणीव ते देते. लहान मुलांसाठी ते नाही, परंतु परदेशी शिकणाऱ्या तरुण मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी ते अवश्य वाचावे. आपली मुलेही तेथे परकीच असतात. एडिंबऱ्यास गेलात, तर किल्ला पाहून झाल्यावर फ्लेशमार्केट क्लोजच्या पायऱ्या जरूर उतरा. वेव्हर्ली स्थानकाची वाट तिकडूनच जाते.