माग थांबतो तेव्हा

आमच्या पिच्चरमध्ये पिस्तूल एकच होतं. रबराचं, भाड्यानं आणलेलं. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात ते कुणी हातात धरलं की रबर आहे हे लांबूनही कळायचं. तिसऱ्या दिवशी मी ते चादरीत गुंडाळायला लावलं आणि शेवटपर्यंत बाहेर काढलंच नाही. मांडीवर सोलापुरी चादरीची घडी, घडीवर शांत ठेवलेला हात, आणि त्या हाताकडे बघायचं टाळणारा समोरचा माणूस. कॅमेऱ्याला एवढं पुरलं. शिवाय चौकात उघडं हत्यार दिसलं की गर्दी जमते, पोलीस ठाण्यात फोन जातो आणि अर्धा दिवस हातचा जातो. आमच्याकडे सगळे मिळून १९ दिवस होते.

कमी पैशांत गुंडपट करायचा म्हटलं की लोक गाड्यांची, बंदुकांची, मारामारीची काळजी करतात. ते सगळं कसंतरी निभावतं. भीती मात्र उसनी आणता येत नाही, ती गावातच शोधावी लागते.

पटकथेचा माझा पहिला खर्डा मुंबईचा होता. भाई, पेटी, खोका, सुपारी. आमच्या पिढीच्या डोक्यात गुंडपट म्हणजे ३ जुलै १९९८ला लागलेला ‘सत्या’. गप्पा रंगात आल्या असताना, कसलीही चाहूल न देता भाऊ नावाचा पुढारी भिकू म्हात्रेला गोळी घालतो, तो प्रसंग मी कितीदा पाहिला असेल याची गणती नाही. रामगोपाल वर्मांनी मुंबईचा पाऊस, चाळी, नवरा-बायकोची भांडणं इतकी जवळून पाहिली होती म्हणून ती गोळी अंगावर येते. मी त्यातून फक्त शब्द उचलले होते. प्रवीण तरडे यांच्या ‘मुळशी पॅटर्न’मध्ये २०१८ साली जमिनी विकल्या गेलेल्या घरांतून गुंड उभा राहिला, तेव्हा मला स्वतःला विचारावंसं वाटलं, की सोलापूरच्या माणसाला रात्री झोप कशानं लागत नाही?

उत्तर दिलं शहराच्या पूर्व भागातल्या एका नटानं. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात मागावर, संध्याकाळी नाटकाच्या तालमीला. घरात तेलुगू, गल्लीत उर्दू, कानडी, आणि आमच्याशी सोलापुरी मराठी. माझे संवाद वाचून तो म्हणाला, “असं कोण बोलतंय बे आपल्यात?” मग त्यानं उधारी मागायला येणाऱ्या माणसाची नक्कल करून दाखवली. तो माणूस ओरडत नाही. ओट्यावर बसतो, पाणी मागतो, पोरगं कितवीत आहे विचारतो. “काय करलालास बे?” एवढंच म्हणतो. हा ‘बे’ बाहेरच्यांना उद्धट वाटतो. आमच्याकडे तो मित्राच्या गळ्यात पडतो, बापाच्या रागात असतो, चहाच्या टपरीवर तर प्रत्येक वाक्याला असतो. म्हणूनच तो खालच्या पट्टीत, थोडा लांबवून आला की घरातल्या बायका विड्या वळायच्या थांबतात. मी त्या रात्री बारा पानं संवाद कापले.

मग आला कारखान्याचा प्रसंग. सावकाराचा माणूस माग-मालकाला धमकी देतो, एवढाच मजकूर. धोटा मिनिटाला शंभरच्या आगेमागे फेऱ्या मारतो, आणि असे वीस माग एका छपराखाली. आवाज नव्वद डेसिबलच्या वर. आमच्या ध्वनिमुद्रकानं कानाचे हेडफोन काढले आणि माग बंद करा म्हणाला. मालक तयार होते, पण कामगारांची मजुरी नगावर. माग उभा राहिला की त्यांचा आणा बुडतो. हिशेब करून, प्रत्येकाचे पैसे देऊन, आम्हाला पाच मिनिटं परवडत होती. सगळा प्रसंग अर्ध्या दिवसाचा.

मी एका पोत्यावर बसून राहिलो आणि कामगारांकडे बघत राहिलो. ते तोंडानं बोलतच नव्हते. दोन बोटं वर म्हणजे चहा, मनगट फिरवलं म्हणजे कांडी संपली, बाकीचं ओठांवरून वाचायचं. आयुष्य त्या खटखटीत गेलेली माणसं. आणि ध्यानात आलं, की पाच मिनिटं माग थांबवणं मला जड जात होतं, तर ज्याच्या मनात आलं की वीस माग थांबतात, त्या माणसाच्या हातात पिस्तूल कशाला हवं?

प्रसंग नव्यानं रचला. सावकाराचा माणूस आत येतो. मालकाच्या कानाशी काहीतरी बोलतो, आपल्याला एक अक्षर ऐकू येत नाही. कामगार मात्र त्याचे ओठ वाचतात, एकेकाचा चेहरा पडत जातो. मग तो चालत जाऊन मेन स्विच खाली ओढतो. माग एकदम थांबत नाहीत. पट्टे सुटतात, चाकं स्वतःच्या वजनानं फिरत राहतात, एकेक धोटा शेवटचा आपटतो. शांतता पसरल्यावर तो पहिलं ऐकू येणारं वाक्य बोलतो: “जेवलास का बे?” पाच मिनिटं होती, म्हणून एकच टेक.

याचं धैर्य मला करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी दिलं. ‘सैराट’चं संगीत अजय-अतुल यांनी हॉलिवूडमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा घेऊन ध्वनिमुद्रित केलं होतं. एवढं वैभव हाताशी असताना शेवटाला मंजुळे सगळा आवाजच काढून घेतात. हत्या दिसत नाही. लाल पावलं उमटवत जाणारं मूल दिसतं. ज्या गोष्टीनं प्रेक्षकाचे कान भरून ठेवलेत ती नेमक्या क्षणी हिरावून घ्यायची, हे मी तिथे शिकलो. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा नव्हता, वीस माग होते.

बाकी जुगाडाचं कौतुक मी फार करत नाही. मालेगावच्या शेख नासिर यांनी सायकलची ट्रॉली आणि बैलगाडीची क्रेन करून सिनेमे उभे केले; २००८च्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात ते दिसतं. तेही यंत्रमागाचंच गाव. आम्ही सुताची हातगाडी वापरली, ती उत्तम चालली.

मिक्सिंगला मात्र मी पैसे आखडले नाहीत. रिकाम्या कारखान्याचा आवाज वेगळा घेतला, प्रत्येक मागाचा वेगळा घेतला, पहाटेचा, दुपारचा. तयार झाल्यावर त्याच कारखान्यात भिंतीवर चादर ताणून पिच्चर दाखवला. पुढे बसले होते आमचे जॉबर मामा, चाळीस वर्षं माग दुरुस्त करणारे. कान जवळजवळ गेलेले. ते उठून स्पीकरपाशी गेले आणि पेटीवर तळहात ठेवून उभे राहिले. प्रसंग आला. स्विच पडला. माग थांबत गेले. मामांनी हात तसाच ठेवला, डोळे मिटले, आणि सगळं शांत झाल्यावर माझ्याकडे वळून, बहिरा माणूस बोलतो तसं मोठ्यानं म्हणाले,

“चार नंबरचा पट्टा ढिला हाय बे. तवाच सांगायचं नाही का?”