लाल रेषेच्या आत

२२ जुलै २०२१ ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी आमच्या माळ्याच्या पायरीला टेकलं, तेव्हा मी पापडांचा डबा छातीशी धरून बसले होते. घराचे कागद मात्र खालच्या कपाटात!

पुढे कळलं, नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाची. पण ‘शंभर वर्षांतून’ म्हणून निर्धास्त राहू नका. धोका दरवर्षी शंभरात एक असतोच. २००५ चा पूर कोण विसरलंय?

‘भारत गृह रक्षा’ विम्यात आगीबरोबर पुराचं नुकसानही धरतात. घराचा विमा उतरवला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, सामानालाही संरक्षण मिळतं. दागिन्यांसाठी मात्र वेगळं सांगावं लागतं.

हे म्हणाले, “दरवर्षी पैसे पाण्यात?” मी म्हटलं, “अहो, फ्रीज, गाद्या, मुलांची पुस्तकं कशात गेली?” तेव्हा कुठे अर्जावर सही झाली.

तेव्हा नगरपालिकेत जाऊन आपलं घर कुठल्या रेषेत येतं ते विचारा, पॉलिसी नीट वाचा नि कागद उंचावर ठेवा. पापड काय, पुन्हा लाटता येतात!